थोरलीवरचा आळ मागे घेण्याबद्दल

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, वय एकोणऐंशी, रक्तदाब सोडला तर शरीराने बरा आणि डोक्याने पूर्ण जागेवर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालू पाहणारा एक होता, त्याची सोय कलम तीनमध्ये केली आहे. यापूर्वी मी असे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. घर. खाली दुकान आणि त्यामागे एक खोली, वर दोन खोल्या, मध्ये भिंतीआडचा लाकडी जिना. हे मला वाडवडिलांकडून मिळालेले नाही. हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन दारोदार हिंडलो, त्यातून उभे केले. ते सर्वस्वी माझ्या थोरल्या मुलीचे. तिने विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून निघून जावे. निघून गेली तर जास्त बरे.

कलम २. हत्यारे, सुटे भाग, सात जुनी मशिने आणि बँकेतली ठेवही तिलाच. पेचकसांचा चांगला संच समोरच्या शिंप्याकडे आहे. "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून नेला, त्याला अकरा वर्षे झाली. तो त्याच्याकडेच राहू द्यावा. आता परत केला तर त्यालाच चुकल्याचुकल्यासारखे होईल.

कलम ३. माझा धाकटा भाऊ. "दादा, पोरीच्या नावावर घर केलंस म्हणजे परक्याच्या घशात घातलंस," हे तो मला दर सणासुदीला नेमाने ऐकवतो. पोर अठ्ठेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. परका आणायचा कुठून? त्याला दुकानातले डगमगते स्टूल द्यावे. त्याच्याच वजनाने ते डगमगू लागले आहे. बाकी कशावरही त्याचा हक्क राहणार नाही.

कलम ४. वकील म्हणाले, "काका, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणालो, "मग पाने वाढवतो."

मला दोन मुली होत्या. बायको गेली तेव्हा थोरली नऊ वर्षांची आणि धाकटी सहाची. मी दिवसभर दुकानात. धाकटीची वेणी, अभ्यास, ताप, सगळे थोरलीने काढले. एकीचे जेवण बंद केले की दुसरी ताट सरकवून द्यायची. काच फुटली की चार हात एकदम पुढे यायचे, आणि मारावे कुणाला हे मला कळायचे नाही.

बाजारात मला 'कानवाले' म्हणतात. रस्त्यापलीकडच्या मशीनचे शटल घासते आहे की पट्टा सैल पडला आहे, हे मी जागेवरून सांगतो. मुलींची पावले तर मला पाठ होती. थोरली हलकी चालायची. धाकटीची डावी टाच जोरात पडायची.

धाकटीला सायकल शिकायची होती. मी नाही म्हटले. आमच्या वरच्या खोलीची जमीन फळ्यांची आहे, खाली दुकानात बोलणे ऐकू येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. एकदा ऐकले:

"ताई, आज माझे पाय पण तूच वाजव हं."

"जड आहेत गं तुझे. त्या टाचेत काय शिसं ओतलंयस?"

"साडेसहाच्या आत येते."

"आणि नाही आलीस तर?"

"तू आहेस ना."

तेव्हापासून थोरली कामावरून आली की जिना दोनदा चढायची. एकदा स्वतःची म्हणून. मग अनवाणी, कडेकडेने खाली यायची आणि टाच आपटत पुन्हा वर जायची. नक्कल उत्तम होती. माझे कान फसले नाहीत, पण मी गप्प राहिलो. धाकटीला एक स्थळ आले होते आणि ती मानत नव्हती. चोरी हाताशी ठेवावी, वेळ आली की दाखवावी आणि होकार घ्यावा, असा माझा हिशेबी डाव होता. धंद्यात मी असाच वर आलो.

सव्वीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी जिना असाच दोनदा वाजला. समोरचा शिंपी दुकानात बसला होता. मला हसू आले. त्याने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, मुली आल्या." साडेसहा झाले, सात झाले. वर एकाच माणसाच्या येरझाऱ्या चालू होत्या, दार ते खिडकी. मी ऐकत होतो. म्हटले, होऊ दे थोडा जीव वरखाली, दोघींना अद्दल घडेल.

साडेआठला थोरली खाली आली. "बाबा, छोटी घरात नाहीये." मी म्हणालो, "म्हणजे? मघाशी वर गेली ना ती?"

हे माझे खोटे. तिचे नव्हे.

धाकटी गावाबाहेरच्या खाणीजवळच्या चरात सापडली, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. सायकलखाली पाय अडकला होता, रक्त वाहून गेले होते. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी हाती लागली असती तर वाचली असती." लोक माझ्याकडे बघू लागले. मी थोरलीकडे बोट दाखवले. "हिला विचारा. हिने पावलं वाजवून मला फसवलं."

ती एवढेच म्हणाली, "हो बाबा."

पुढे तिला स्थळे आली. प्रत्येकाला तिने स्वतःच सांगितले, "मी एकदा खोटं बोलले आणि माझी बहीण गेली. चालेल तुम्हाला?" कोणाला चालले नाही. मी आतल्या खोलीत बसून ऐकत असे.

म्हणून मी जाहीर करतो, की माझी थोरली निर्दोष आहे. मी सात वाजता बोललो असतो तर दोन बहिणी आज म्हाताऱ्या होत आल्या असत्या. तिला पटले नाही तर शिंप्याला विचारावे. मी हसलो होतो, हे त्याला आठवत असेल.

कलम ५. हे माझ्या पश्चात वकिलांनी दुकानात, शटर उघडे ठेवून, मोठ्याने वाचावे. त्या दिवशी ज्यांनी माझा आरोप ऐकला त्यांपैकी जे हयात असतील त्यांना बोलवावे. भावाला पुढे बसवावे.

जिवंतपणी का सांगितले नाही, हे ती विचारील. तिच्याशिवाय मला कोणी नाही. कळल्यावर ती मला पाणी देईल की नाही, या भीतीने सांगितले नाही. आणखी वर्ष-दोन वर्षे तिने अपराधी राहावे आणि माझे करावे, असे मी ठरवले आहे. हे लिहितानाही मी तिलाच लुबाडतो आहे. क्षमा मागत नाही. ती देऊन टाकील, म्हणून.

सही करायला बसलो आहे. थोरली चहा ठेवायला आली. "थांबा बाबा, कागद सरकतोय," म्हणाली, आणि कोपरा दाबून उभी राहिली. तोंड खिडकीकडे वळवले आहे. दुसऱ्याचे लिहिलेले ती वाचत नाही.

सही: थोरलीचे बाबा

आमच्या समक्ष त्यांनी सही केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार १: समोरचा शिंपी (सही)
साक्षीदार २: घरचे डॉक्टर (सही)

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार