शेवटच्या जोडीमागून

वूरनी,
रविवार, १७ ऑगस्ट १९८६

प्रिय रेक्स,

पत्र पोचेल तेव्हा तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. तिथे पांघरुणं पुरेशी देतात का ते कळव. लोकरीचे मोजे पाठवले आहेत. ते तुझ्यापर्यंत येऊ देतात की नाही, कोण जाणे.

इकडे मेंढ्या व्यायला लागल्या आहेत. मागच्या वावरात एका कोकराचे डोळे कावळ्यांनी जिवंतपणीच काढले. मीच बंदूक घेऊन गेले आणि त्याला सोडवलं. बार्ली चांगली आली आहे. टिप तुझ्या गाडीखाली झोपतो आणि मी हाक मारली की फक्त एक कान हलवतो. कुत्रं तुझंच आहे, वळणही तुझंच.

काल शनिवारची गोल्फची लीग झाली. तुला वाटलं असेल बंद ठेवतील. क्लाइव्ह म्हणाला, "कॅप्टन मी आहे. रेल्वेरुळाच्या उत्तरेवाले घाबरून घरी बसले असं दक्षिणेवाल्यांना म्हणू देणार नाही." तेव्हा नेहमीप्रमाणे आठ जोड्या निघाल्या, आपला एक, त्यांचा एक. तुझ्या आणि लेसच्या जागी शेवटच्या जोडीत उतरायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

आपण हरलो. म्हणजे चॉप्स भाजून त्यांना वाढायची पाळी आपली. क्लाइव्ह वाढत होता, तेवढ्यात त्यांच्यातला एक ताट पुढे करून म्हणाला, "जपून रे बाबांनो, उत्तरेवाल्यांच्या हातात लोखंड देऊ नका." क्लाइव्हनं चिमटा खाली ठेवला आणि त्याला असा ठोसा दिला की तो बाकासकट मागे पडला. त्याचा दात नंतर चॉप्सच्या ट्रेमध्ये सापडला. त्याच्या बायकोनं तो रुमालात बांधून नेला.

लेस अजून ॲडलेडच्या इस्पितळात आहे. डोळे उघडत नाही. जॉय रोज बसते त्याच्याजवळ.

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात असं क्लाइव्ह म्हणतो, म्हणून जास्त लिहीत नाही. पोलीस पुन्हा येऊन गेले. मी सांगितलं, ऊन तोंडावर होतं, काही दिसलं नाही.

जेवत जा.

तुझी बहीण,
थेल्मा


वूरनी,
बुधवार, २७ ऑगस्ट १९८६

प्रिय रेक्स,

तुला तिथे सांगितलंच असेल. लेस गेला. काल त्याला पुरलं. वारा इतका होता की पाद्रीबाबांचं बोलणं दुसऱ्या रांगेपलीकडे गेलं नाही. उत्तरेवाले एका बाजूला आणि दक्षिणेवाले दुसऱ्या बाजूला उभे होते, जणू मध्ये रूळच टाकले आहेत. मी कुठे उभी राहू ते मला कळेना. फाटकापाशी थांबले.

जॉय माझ्याकडे चालत आली. मला वाटलं थुंकते तोंडावर. पण तिनं माझा दंड धरला आणि विचारलं, "थेल्मा, तू तिथे होतीस. शेवटी तो काही बोलला का गं?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "काहीच नाही? लेस?"

रेक्स, लेस पेंगिली गप्प कसा पडला असेल, हे त्याच्या बायकोला कळेना. मी तिला सांगितलं की सँडविच संपायच्या आत जाऊन काहीतरी खा.

सोमवारी तुझे वकील हॅलोरनसाहेब आले. माझे स्कोन खाल्ले, बुटांची वाळू माझ्या गालिच्यावर सांडली. त्यांचं म्हणणं सरळ आहे. तू चेंडूपुढची वाळू सपाट करत होतास. दंताळं झटक्यानं मागे आलं. लेस तुझ्यामागे वाकून अंतर बघत होता, लोखंड त्याच्या कानशिलावर बसलं. ते म्हणाले, "शहरात हिरवळीवर खेळतात, त्यांना हे कळायचं नाही. पण तुमच्या क्लबातल्या कुणालाही विचारा." खरं आहे ते. त्या दाते नसलेल्या लोखंडी दंताळ्याचा फटका नडगीवर न बसलेला माणूस वूरनीत सापडणार नाही. होलभोवतीच्या आपल्या तेल पाजलेल्या वाळूवर प्रत्येकाला आपल्या चेंडूची वाट आपणच ओढून घ्यावी लागते. ओढताना कुणी मागे पाहत नाही.

"एक घाव म्हणजे अपघात. तेवढं पुरे आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं."

लेसचा हात मोडला होता, त्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, पडताना मोडला.

सगळं गाव माझ्याशी आता फार गोड बोलतं. क्लाइव्हनं माझं सरपण फोडून दिलं, न सांगता. शेवटच्या जोडीमागून वाळू सारखी करत येणारी बाई, एवढीच माझी ओळख होती. आता एकटी साक्षीदार म्हणून दुकानात लोक मला रांगेत पुढे घेतात.

मी सारखी या मोसमाचा विचार करते. मे महिन्यात तू लेसची पिशवी काठ्यांसकट तळ्यात टाकलीस. मग त्यानं तुझ्या गाडीची काच फोडली. त्या ओल्या शनिवारी चौथ्या होलला तुम्ही दोघं चिखलात लोळलात. मी पाण्याची बाटली ओतली तेव्हा सुटलात, कुत्र्यांसारखे. तू त्याच्या कानाला चावला होतास. आणि संध्याकाळी तुम्ही एकाच बाकावर बसून खिम्याच्या पेस्टी खाल्ल्यात. तो कान चोळत म्हणाला, "चव कशी होती रे?" तू म्हणालास, "जून मेंढा." सगळे हसले, मीही हसले. आम्हाला ते बघायला आवडायचं, रेक्स. दर शनिवारी आमच्यापैकी निम्मे लोक त्यासाठीच यायचे.

त्या दिवशी शेवटच्या होलवर तुमची बरोबरी होती. लेसचा चेंडू आत पडला होता. तुझा वितीवर होता आणि तो घातलास की सामना तुझा. वितीवरचा चेंडू कुणी घालायला लावत नाही. समोरचा म्हणतो, "दिला," तू चेंडू उचलतोस, आणि सगळे चहाला जातात. लेस काही बोलला नाही. त्यानं सिगारेट पेटवली.

तू म्हणालास, "काय, झोप लागली का?"

"मला काही ऐकू येत नाही. घाल की आत. केवढासा तर आहे."

"मागच्या शनिवारी मी तुला हातभर लांबचा दिला होता."

"तू दिलास. तुझी मर्जी. मी देत नाही."

तू वाकलास की तो खोकायचा. तू सरळ झालास की खोकला थांबायचा. पुन्हा वाकलास की पुन्हा. तिसऱ्यांदा तू काठी टाकलीस आणि माझ्याकडे आलास.

चूल विझत आली आहे. उरलेलं मग लिहीन.

थेल्मा


वूरनी,
शनिवार, ६ सप्टेंबर १९८६

प्रिय रेक्स,

तुझं पत्र मिळालं. कोकरांबद्दल विचारलंस, बरं वाटलं. शेवटी तू लिहितोस, "थेल, तू वाळूकडे बघत होतीस. तू नेहमी वाळूकडेच बघतेस."

नव्हते बघत.

जे कोणी ही पत्रं उघडतात त्यांनी हे खुशाल वाचावं. परवा मी कोर्टात हेच सांगणार आहे, आणि त्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. वकिलांना काल फोन केला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही त्याची बहीण ना?"

दंताळं तू माझ्या हातातून घेतलंस. मला वाटलं, वाट ओढून घेणार. तुलाही तोवर तसंच वाटत होतं का, ते मला माहीत नाही. तू चेंडूपाशी गेलास, दंताळं खाली टेकवलंस. लेस पुन्हा खोकला. तू वळलास. पहिला घाव मी पाहिला, पण त्याबद्दल कुणी मला खोदून विचारलं तर मी म्हणेन की माणूस रागानं वळला तर हातातलं लोखंडही त्याच्याबरोबर वळतं. तेवढ्यावर मी तुझ्यासाठी शपथ घेतली असती. तुझ्यासाठी मी पुष्कळ काही केलं असतं.

लेस गुडघ्यांवर बसला. कानातून रक्त येत होतं, कॉलरमध्ये जात होतं. त्याचं तोंड वाकडं झालं होतं तरी तो तुझ्याकडे बघत होता, आणि त्यानं हात वर केला. पंजा उघडा होता. तो म्हणाला, "दिला. दिला रे, रेक्स. दिला तुला."

स्पष्ट म्हणाला. मी तुझ्यापेक्षा लांब होते आणि मला ऐकू आलं.

दिलेला चेंडू देणाऱ्याला परत घेता येत नाही, घेणाऱ्याला नाकारता येत नाही. सामना तिथे संपतो. हे मला तूच शिकवलंस, मी पहिल्यांदा दंताळं घेऊन तुमच्यामागे फिरायला लागले तेव्हा. तू जिंकला होतास, रेक्स. दुसरा घाव जिंकलेल्या माणसानं घातला. तो वर केलेला हात मोडून घाव डोक्यात गेला. तसा आवाज मी खाटीकखान्याबाहेर कधी ऐकला नव्हता. मग तू वाकून चेंडू उचललास आणि खिशात घातलास.

दुसऱ्या घावाला ऊन नव्हतं. दंताळं मागे आलं नव्हतं. मी किती वेळा स्वतःला समजावलं. सरपण फोडलेलं पाहिलं की वाटायचं, काय बिघडतं. लेस काही परत येत नाही. तू तरी घरी येशील. तुझी वावरं, तुझं कुत्रं, तुझ्याच जमिनीवरचं माझं हे घर.

आणि बाबांची वादी आठवायची. ते लगामाची वादी हाताला गुंडाळून माझ्या खोलीकडे यायचे, आणि तू दारात उभा राहायचास. "आधी मला," म्हणायचास. तुझ्या पाठीवरचे वळ मी मोजायची नाही, तेल लावायची. एकदा त्यांनी बक्कल उलटं धरलं होतं तेव्हाही तू हलला नाहीस. मी आज ज्या कातडीत आहे ती तुझ्यामुळे धड राहिली. हे मी विसरले असं समजू नकोस. ते आठवत असताना मी हे लिहिते आहे.

पण हात वर केलेल्या माणसाला मारायचं नसतं, हे मी त्या दारातच शिकले. तुझ्या पाठीमागे उभी राहून शिकले.

काल जॉयकडे गेले. तिनं चहा ठेवला. मी म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, तो काही बोलला का." आणि सांगितलं.

ती आधी हसली. खरोखर हसली. "लेसनं दिला? त्यानं? बत्तीस वर्षांत घरात मला सुद्धा कधी जिंकू दिलं नाही त्यानं." मग तिनं विचारलं, "हे म्हटल्यावर मारलं?"

मी म्हटलं, "हो."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या हातानं दुसऱ्या गालावर. माझा चष्मा चुलीमागे जाऊन पडला. मी बसून राहिले. "फाटकापाशी तू मला 'नाही' म्हणालीस," ती म्हणाली, "सँडविच खा म्हणालीस." तिला आणखी मारायचं होतं, पण हात उचलेना. मग तिनं गुडघे टेकून माझा चष्मा शोधला, तिच्या ॲप्रनला पुसला आणि माझ्या मांडीवर टाकला. "सोमवारी हेच सांगशील?" मी हो म्हटलं. "मग जा आता," म्हणाली.

क्लाइव्हला आज सकाळी कळलं. दुपारी दगड आला खिडकीतून. काच मी पुठ्ठ्यानं बुजवली आहे. तेव्हापासून टिप माझ्या दारात बसलाय आणि रस्त्यानं गाडी गेली की गुरगुरतो.

तुझा तपकिरी सूट इस्त्री करून ठेवला आहे. सोमवारी सकाळी तो वकिलांकडे देईन. बाही जरा घट्ट होईल, तिथल्या जेवणानं तू सुटला असशील तर. दाढी नीट कर.

मला ते समोरच्या बाजूला बसवतील. ते विचारतील, किती घाव, आणि मी दोन म्हणेन. त्या दोन घावांमध्ये लेस काय बोलला विचारतील, तेही सांगेन. न्यायाधीशांकडे बघून बोलायचं असतं असं हॅलोरनसाहेब म्हणतात. मी तुझ्याकडे बघून बोलणार आहे. तुला नको असेल तर तू मान खाली घाल. मी घालणार नाही.

त्यानंतर तुझं पत्र येणार नाही हे मी धरून चालते. माझी येत राहतील.

तुझ्या पाठीमागे उभी राहिलेली, आणि आता समोर येणारी,
तुझी बहीण
थेल्मा