दासगावच्या खाडीत धुतलेली जीप

संजीवनी गो,

जीप महाडला मिस्त्रीकडं उभी हाय. खालची चासी गंजली. त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. म्हणाला, "पट्टी मारून वेल्डिंग केलं तर एक पावसाळा निघंल. माणसं भरून कशेडीचा घाट चढायचा असंल तर चासीच बदल." मग बघत राहिला माझ्याकडं. "चांगू, गाडी खाऱ्या पाण्यात धुवायचास काय रे?"

"नाय," मी म्हणालो.

आमच्या वाडीवर पाणी झऱ्याचं. खारं पाणी लोखंड खातं, हे मला डोंगरातल्याला कुठं ठाऊक? आमच्या कापडे गावची माणसं महाडच्या बाजारात उतरवली की मी दासगाव गाठायचो. तुमच्या घराखालच्या उतारावर गाडी खाडीत घालायचो. तू भांडी घासायला यायचीस, आणि तू उठेपर्यंत मी धुतलेली गाडी परत धुवायचो. लग्न होऊन तू मुंबईला गेलीस, तरी पुढं दोन वर्षं तिथंच धूत होतो.

आज मिस्त्रीला सांगितलं, चासी बदल. माणसांच्या जिवाशी खेळ नको. जुनी उद्या भंगारात जाईल.

हे पत्र मी टपालात टाकणार नाय. तुझ्या घरात कोण वाचंल, सांगता येत नाय. पण एक विचारतो. होड्यांचे खिळे गंजताना तू लहानपणापासून बघितलेस. खाऱ्या पाण्यानं काय होतं ते तुला ठाऊक होतं. तरी तुझ्या लग्नाआधीच्या तीन वर्षांत एकदाही, इथं गाडी धुवू नको, असं का नाय म्हणालीस गो?

कापड्याचा जीपवाला,
चांगू