कडब्याच्या लपणातला रशियन

२ ऑगस्ट १९८१

आज ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली. त्या रशियनाचं वाटोळं झालं की नाही, कुणाला विचारू? व्हावं. डोळे जावेत त्याचे, म्हणजे फोटो काढणं बंद होईल. — लिहून टाकलं. बरं वाटलं.

५ ऑगस्ट

वासुदेवराव मास्तर आले होते. रशियनाला माझी तीन पत्रं इंग्रजीत त्यांनीच लिहून पाठवली. उत्तर नाही.
"मोठी माणसं वैनी, त्याइले काय आपली याद राह्यते!"
चौथं लिहा म्हटलं. एकच विचारा — ह्यांची हाक ऐकली होती की नव्हती?
"ऐकली होती. मी बाजूलेच होतो नं! नाग डसला म्हून सांगतलं मी त्याले. त्यानं हात धरून ठेवला माह्या. हलू नका म्हणे, पाखरू उडून जाईन."
शंभरदा ऐकलं आहे हे. तरी दरवेळी सांगायला लावते. राग ताजा राहतो.

९ ऑगस्ट

पाखराला मोजता येत नाही, हे त्या रशियनाला ह्यांनीच शिकवलं. बोर धरणामागच्या गवतात तणमोरीची अंडी होती. जवळच ह्यांनी कडब्याचं लपण उभं केलं. रोज तिघं आत जायचे — रशियन, दुभाषे म्हणून मास्तर, आणि हे. मग हे एकटेच बाहेर पडायचे. आरडाओरडा करत, दुपट्टा झटकत बांधापर्यंत जायचे. तणमोरीला वाटायचं, माणसं गेली! ती अंड्यांवर येऊन बसायची. आत कॅमेरा तयारच.

त्या दिवशी बांधावर नाग डसला. ओरडले असतील, पण ओरडणं तर रोजचंच. दोन तासांनी शकुबाईला बकऱ्या चारताना दिसले. सेवाग्रामचे डॉक्टर म्हणाले, लवकर आणायचं होतं.

दोन तास! एका फोटोसाठी.

१४ ऑगस्ट

सापडला!

गावच्या वाचनालयात रशियाचं हिंदी मासिक येतं. वाचणारी मी एकटी. बाकीच्यांना तो जाड चकचकीत कागद पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला हवा असतो. रूपराव वाचनालय सांभाळतात, ते नेहमी चिडवतात — "काऊन वैनी, रशियाले जाता काय?" लेकीच्या, शरयूच्या पाटीवर अक्षरं गिरवली ती ह्याच दिवसासाठी. मास्तरांना अजून वाटतं, मला सहीपुरतंच येतं.

आर्कादी गोर्देयेव. दाढी, टोपी, हसतोय. खाली अंड्यांवर बसलेली तणमोर. त्याच्या तोंडावरून नख ओढलं. कागद फाटला नाही, चांगला आहे.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेले नाही. दोन पानं वाचली. हिंदी जड जातं. मध्येच ह्यांचं नाव आलं — तानबा! लिहितो, तानबाजवळ घड्याळ नव्हतं, पण कुठलं पाखरू केव्हा येतं ते त्याला ठाऊक होतं.
गोड बोलतोय मेला.
शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय.

१८ ऑगस्ट

रूपरावांशी भांडले. "एका पानासाठी जीव घेता काय!"
हो, म्हटलं.
पान त्यांच्या नातीच्या, यशोदेच्या गणिताच्या वहीवर आहे म्हणे.

१९ ऑगस्ट

यशोदेला कॅलेंडरचं पान दिलं, कव्हर आणलं. एक ओळ घडीत दबली होती. चुलीवरच्या आधणाच्या वाफेवर धरून घडी उलगडली. तीनदा वाचलं.

लिहितो — शेवटच्या दिवशी तानबा फार वेळ ओरडत होता. मी विचारलं, काय म्हणतोय? मास्तर म्हणाले, बायकोला हाक मारतोय. मला हसू आलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला गाडीत बसवून दिलं. तानबाचा निरोप घ्यायचा राहिला. त्याला उदंड आयुष्य लाभो.

रूपरावांना आणि शकुबाईला उद्या चहाला बोलावलं आहे. मास्तर येणारच आहेत. पान त्यांच्या हातात देईन. म्हणेन, मोठ्यानं वाचा.