तरंगत्या ब्रिजखालची सागवानी पाचर

मी, खाली सही करणार सोपान चिमाजी डुंबरे, वय वर्षे एकोणसाठ, धंदा स्पीकर भाड्याने देणे व गिटारवादन, राहणार ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दमदाटीशिवाय आणि चहा पिऊन लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने गिटारच्या साऱ्या तारा उतरवून माझ्याकडे द्याव्यात, लावून दाखवतो. बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही. येत्या बुधवारी पुण्याला छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." ते ऐकलं आणि घरी येऊन लिहायला बसलो.

कलम १. राहते घर पत्नी बयाबाई हिला द्यावे. मधली भिंत माझी व धाकटा भाऊ गोरख याची सामाईक आहे. त्या भिंतीतून कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरच्या हिंदी मालिका आणि गोरखचा खोकला बिनदिक्कत इकडे येतो. आमचं बोलणं तेवढं शहाण्णव सालापासून बंद आहे. निरोप बयाबाई नेते आणि आणते. घर तिला बायको म्हणून मिळत आहे. पोस्टमनकीबद्दल काय द्यावे हे मला सुचलेले नाही.

कलम २. मांडवी नदीकाठचे रान मुलगी आरोही हिला. स्पीकर, ॲम्प्लिफायर व टेम्पो पुतण्या भरत याला. भरत हा गोरखचाच मुलगा. माझं भांडण त्याच्या बापाशी आहे, टेम्पोशी नाही.

इथवर वाचून दाखवलं तर बयाबाई म्हणाली, "घर मला आन् रान तिला? पोरीचं तोंड बघा की जरा." आरोहीला वाढवून द्यावं तर भरत कमी पडतो, भरतला द्यावं तर बयाबाई. माझ्या गिटारचंही अगदी असंच आहे. एक तार ओढली की बाकीच्यांचा सूर उतरतो. त्यामुळे या कामाची मला सवय आहे. जे लिहिलं ते कायम.

कलम ३. लाल इलेक्ट्रिक गिटार आरोहीला. ही मी सत्त्याऐंशी साली मुंबईच्या एका वादकाकडून घेतली. तिचा ब्रिज, म्हणजे ज्याच्यावर तारा अडकवतात ते लोखंड, लाकडाला घट्ट बसवलेला नाही. तो दोन जाड खिळ्यांच्या धारेवर तोलून उभा असतो. पुढून तारा ओढतात, मागच्या खोबणीतून स्प्रिंग ओढतात, आणि दोघांचं जमलं तर तो मधोमध तरंगतो. त्याला एक दांडी आहे. ती दाबली की सूर खाली जातो, सोडली की वर येतो, आणि गिटार हुंदके देते. या दांडीवर माझी ऑर्केस्ट्रा पार्टी चालली. लग्नात पाठवणीच्या वेळी मी दांडी धरली की नवरीकडच्या बायका रडायच्या. नवरदेवाकडच्याही रडायच्या, त्यांना कारण नसताना. घाटघरच्या एका लग्नात तर आचारी रडला. रडू आलं नाही तर लोक म्हणायचे, पार्टी हलकी आणली.

आरोही, सूचना नीट वाच. तारा एकदम काढू नकोस. एक काढ, एक लाव. सूर लागेपर्यंत लाव, मग ब्रिज बघ. तो पुढे उचलला असेल तर मागचे दोन लांब स्क्रू थोडे आवळ. मागे बसला असेल तर सैल कर. पुन्हा सूर लाव. पुन्हा बघ. वैतागशील, पण स्क्रूला शिव्या देऊन उपयोग नाही, मी देऊन पाहिल्या आहेत. ब्रिज लाकडाशी समांतर राहिला की मगच मानेजवळची, तारा पकडून ठेवणारी कुलपं एलन-कीने, म्हणजे त्या सहा कोनांच्या वाकड्या चावीने आवळ. ती आधी आवळणारा माणूस मूर्ख समजावा. आणि हे काम एकट्याचं नाही. एकाने ब्रिज धरायचा, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. मी आणि गोरख मिळून करायचो.

कलम ४. बयाबाईस सूचना. खंडेनवमीला गिटारची पूजा जरूर करावी, पण हळदीकुंकू वरच्या लाकडाला लावावे. त्या दोन खिळ्यांच्या धारेला लावू नये. पंच्याण्णव साली तिने भक्तिभावाने नेमकं तिथेच लावलं, वरून निरांजनातलं तूपही. त्याचा थर बसला आणि पुढच्या लग्नात दाबलेला सूर परत जागेवर येईना. आख्खी वरात बेसूर गेली. लोकांना वाटलं नवीन चाल आहे.

कलम ५. एक सागवानी पाचर. ही गोरखला.

ही कोणती पाचर, ते सांगतो. शहाण्णव साली इथले कापडदुकानदार मदनलालशेठ यांच्या रिंकूचं लग्न होतं. ऐन कार्यक्रमात माझी एक तार तुटली. या गिटारची एक तार तुटली की ओढ कमी होते, स्प्रिंग जिंकतात, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या साऱ्या तारा चढतात. मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या. मी तार शोधायला टेम्पोकडे गेलो. तेवढ्यात ढोलकीवरच्या गोरखने गिटार उलटी केली, मागचं झाकण काढलं, स्प्रिंग आवळल्या आणि खोबणीत सागवानी पाचर हातोडीने ठोकली. त्याच्या हाताला सुतारकी आहे, त्याचा हा परिणाम.

"दादा, आता बापजन्मात हालायचा न्हाई बघ!" असं तो वर आनंदाने म्हणाला.

खरंच हालला नाही. सूर पक्का राहिला आणि दांडी मेली. पाठवणीला मी दाबतोय, दाबतोय, आणि गिटार गप्प. रिंकू खुशाल हसत गाडीत बसली. तिच्या आई चंदाबाई चारचौघांत म्हणाल्या, "सोपानभाऊ, पोरगी हसत गेली हो! लोक काय म्हणतील?" रिंकूचा संसार आज तालुक्यात नाव घेण्यासारखा आहे, ही गोष्ट वेगळी.

गोरखला म्हणालो, काढ ती. तो म्हणाला, "कार्यक्रम वाचवला, त्याचं काय न्हाई व्हय?" मी म्हणालो, ठोकली त्यानेच काढायची. तो म्हणाला, आधी उपकार मान. तेव्हापासून पाचर आत आहे आणि आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना आहोत.

तरी ती त्याने स्वतःच्या हाताने काढून न्यावी. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ६. माझी पाठवणी आरोहीने गिटार वाजवून करावी, दांडी धरून. वर्षानुवर्षं परक्यांच्या पोरींसाठी गावाला रडवलं. माझ्या वेळी सगळे कोरड्या डोळ्यांनी उभे राहून कांद्याच्या भावावर बोलतील, याची मला फार भीती वाटते. छातीपेक्षा जास्त वाटते. पाचर आत असेल तर हे होणार नाही.

नोंद. मदनलालशेठ साक्षीला वेळेवर आले. दुसरे साक्षीदार ओझरला गणपतीला गेले ते आलेच नाहीत. बयाबाईने मला न विचारता भिंतीवर थापा मारल्या आणि गोरख आला. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये, असं वकिलांनी बजावलं होतं. ते मी बयाबाईमार्फत त्याला कळवलं. तो माझ्यासमोरच बसला होता. त्याने कागद ओढून घेतला आणि पाचवं-सहावं कलम दोनदा वाचलं.

"वहिनी, त्याला म्हनावं, मेल्यावर कशाला? आण हिकडं गिटार."

त्याने झाकण काढून पाचर उपटली. ब्रिज मागे बसला, तारा चढल्या, एक तुटून मदनलालशेठच्या टोपीला लागली. मग नवी तार लावली, त्याने ब्रिज धरला आणि मी स्क्रू फिरवले. "सैल कर. आजून. बास, दादा, बास!" संध्याकाळपर्यंत आम्ही एवढंच बोललो. पण बयाबाईमार्फत नाही.

सबब कलम ५ रद्द. पाचर गोरखच्या खिशात असल्याने त्याला आता काहीही मिळणे नाही, व तो साक्षीस पात्र आहे. कलम ६ कायम, पण मला घाई नाही. चालते की नाही ते पाहण्यासाठी आरोहीने सह्यांच्या आधी एकदा दांडी दाबून दाखवली.

ठिकाण : ओतूर. दिनांक : १२ डिसेंबर २००४.

लिहून देणार : सोपान चिमाजी डुंबरे

साक्षीदार :
१. मदनलाल ओसवाल
२. गोरख चिमाजी डुंबरे

(साक्षीदार क्र. २ यांच्या सहीवर पाणी पडून शाई पसरली आहे. सही त्यांचीच आहे. पाणीही त्यांचेच आहे.)