रोजचा माणूस

प्रिय फैज्या,

पत्र बघून हसू नकोस. मासूमाचाचीचा, तुझ्या आईचा, भाचा सोमवारी मस्कतला निघालाय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी सुकट आहे, आंब्याची साठं आहेत आणि चाचीने घरी भाजलेला मसाला आहे. आपल्या राजिवड्याची रीतच ती, जाणाऱ्याच्या बॅगेत त्याचे दोन शर्ट आणि बाकी सगळ्यांचं सगळं. साठांच्या डब्याखाली मी हा कागद घुसवतोय. सुकटीचा वास लागला तर चालवून घे. दहावीला मराठीच्या पेपरात पत्रलेखन होतं ते मी ऑप्शनला टाकलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. फोन का नाही केला ते शेवटी सांगतो. तुझ्या आणि तुझ्या अब्बांच्या मधलं आहे, आणि थोडं माझंही. शेवटपर्यंत वाच मात्र.

मी गणपतीच्या आधी आलो, बंगळूरहून. तिथे एका गेमिंग कॅफेत आठ महिने होतो. त्याआधी गोव्यात पालोलेमला, बीचवरच्या शॅकमध्ये, त्याआधी... जाऊ दे, ती यादी तुला पाठ आहे आणि तू तिला नावं ठेवतोस. कॅफेत प्लेस्टेशन फाइव्ह पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी गिऱ्हाईक विसरून अर्धा तास उभा होतो. गेममधला माणूस धनुष्य ओढतो, तर रिमोटचं बटण खरंच घट्ट होत जातं, बोटाला जोर लावावा लागतो. गेममध्ये पाऊस पडतो तो तळहाताला कळतो, बारीक थेंब वेगळे, पागोळ्या वेगळ्या. कुठल्या डोक्यातून हे निघालं असेल ते देव जाणे. आणि थांबणं नावाची गोष्टच उरलेली नाही. आपल्या प्लेस्टेशन टूवर रेस लोड होईपर्यंत चाचीच्या हातचं एक सांदण खाऊन व्हायचं, आठवतं? तुझी दोन व्हायची.

मला सगळ्यात नवल वाटतं ते सेव्हचं. आपल्याकडे काडेपेटीएवढं मेमरी कार्ड होतं, आठ एमबीचं. त्यात आपला सगळा संसार. पावसात त्याला बुरशी धरू नये म्हणून तू ते तांदळाच्या डब्यात ठेवायचास, आणि एकदा ते चाचीच्या मापट्यातून थेट आधणात जाता जाता वाचलं. आता सगळं वर कुठेतरी जमा होतं. मी बंगळूरला अर्धी सोडलेली रेस येताना गोव्यात दुसऱ्याच्या घरी बसून त्याच वळणापासून पुढे नेली. माझ्यासारख्या उंडग्यासाठी याहून चांगली सोय नाही. फक्त एक आहे, काही मॉडेलना डिस्क घालायला खाचच नाही. गेम तुझ्या नावावर, तुझ्या खात्यात. कुणाकडून चार दिवस मागून न्यायचं, लपवायचं, परत द्यायचं, ते संपलं. संपलं ते बरंच झालं असं माझ्याइतकं कुणालाच वाटणार नाही. का, ते येतंच आहे.

तुझ्या अब्बांचं, रसूलचाचांचं, कुवेतहून येणं आठव. दोन वर्षांनी दोन महिने. नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेला खोका, त्यावर निळ्या मार्करने नाव आणि खाली मोठ्या अक्षरात रत्नागिरी. आपण पाचवीत असताना त्यातून प्लेस्टेशन टू निघालं. मला तुझ्या घरी यायला बोलावणं लागायचं नाही, शाळा सुटली की दप्तरासकट मी तिथेच. आणि चाचा आपल्या मागे खुर्चीवर चहाचा ग्लास घेऊन बसायचे. एकदा तू रिमोट पुढे केलास तर म्हणाले, माझे हात पान्याचे, हे बारीक काम तुमचं. एवढा एसी मेकॅनिक माणूस, कॉम्प्रेसर डोळे मिटून खोलणारा, पण कधी हात लावला नाही. नुसते बघायचे. मला तेव्हा वाटायचं, गेम बघतायत. आता वाटतं, ते गेम बघत नव्हते.

मग तो दहावीच्या आधीचा मे महिना. तू चाचीबरोबर खेडला मामाच्या लग्नाला गेलास, चाचा घरी राहिले होते. चार दिवसांनी आलास तर प्लेस्टेशन नाही. चाचांनी सांगितलं, दहावीचं वर्ष आहे, मी टाकून दिलं. तू त्या उरलेल्या सुट्टीत त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीस. त्यांना गाडीवर सोडायलाही गेला नाहीस. पुढच्या खेपेला त्यांनी प्लेस्टेशन फोर आणलं, ते तू घेतलंस, पण दार लावून खेळलास. आणि आता तू मस्कतला, ते कायमचे घरी, तर फोनवर तुमचं काय चालतं ते चाचीने मला सांगितलं. जेवलास? जेवलो. बरा आहेस? बरा आहे. आईकडे देतो.

तर मी आल्यावर तुझ्या घरी गेलो. दुपार कलून असरची नमाज झाली होती. चाची म्हणाली, आत जा, पण हसू नकोस त्यांना. आत रसूलचाचा चष्मा लावून, पाठ ताठ करून टीव्हीसमोर बसलेले आणि हातात रिमोट. तू गेल्या खेपेला ठेवून गेलेलं प्लेस्टेशन फोर. शेजारी वही. त्यात त्यांनी पूर्ण रिमोट काढलाय, एसीच्या वायरिंगचा नकाशा काढावा तसा. बाण मारून लिहिलंय: हे गॅस, हे ब्रेक, याला हात लावू नये. मला बघून म्हणाले, यज्ञेश, बरा आलास, हे मागे कसं बघायचं ते दाखव, आरसा कुठे आहे?

फैज्या, मी आयुष्यात पुष्कळ लोक खेळताना बघितलेत. पण असा ड्रायव्हर नाही. रेस आहे हे त्यांना मान्यच नाही. सगळ्या गाड्या सुंऽऽई करून जातात आणि चाचा आपले कुवेतच्या रीतीने उजव्या कडेने, चाळीसच्या वर नाही, वळणाच्या आधी वेग कमी. मी म्हटलं चाचा, दाबा की. तर म्हणाले, तीस वर्षं कुवेतला कंपनीची पिकअप चालवली, एक ओरखडा नाही, आता या वयात पोरांच्या नादाने ठोकू? शेवटून पहिला नंबर येतो, पण गाडी शोरूममधून काढल्यासारखी. आणि रोज. असरनंतर एक तास, महिनाभर मी बघतोय. हाताची बोटं दुखतात, चाची तेल चोळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिकणं याला म्हणतात. मी तीन कॉलेजं सोडली, मला कळतं.

आता जे लिहायचंय त्याच्यासाठी मी दोनदा पेन खाली ठेवलं आणि एकदा बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

प्लेस्टेशन चाचांनी टाकलं नव्हतं. तू खेडला गेलास त्याच संध्याकाळी मी ते त्यांच्याकडे मागितलं, आणि त्यांनी दिलं. म्हणाले, फैझान यायच्या आत आण. आमच्या घरी बाबांना दिसलं असतं तर त्यांनी माझ्यासकट ते विहिरीत घातलं असतं, नववीला कसाबसा ढकललेला मी. म्हणून दिवसा लपवायला मी ते माळ्यावर आंब्याच्या अढीत ठेवलं. टॉवेलात गुंडाळून, खाली पेंढा, वर पेंढा, वर हापूस. अढीत किती ऊब असते ते मला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून आंबे फिरवतोय. पण डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी काढलं तर वरचे दोन आंबे फुटून रस आत उतरलेला आणि सगळ्या जाळीतून मुंग्या. मी रडत तुझ्या घरी गेलो. चाचांनी ते पूर्ण खोललं, स्पिरिटने पुसलं, दुपारभर बसले. नाही चाललं. मी म्हटलं, फैज्या मला सोडून देईल. त्यांनी स्क्रू परत लावले, एकेक, आणि म्हणाले, तू गप्प राहा, मी टाकलं म्हणून सांगतो. माझ्यावर रुसला तर रुसला, मी दोन वर्षांनी येणारा. तू त्याचा रोजचा माणूस आहेस. रोजचा माणूस तुटता नये.

आणि हा रोजचा माणूस तीन वर्षांत बॅग उचलून निघून गेला. बारा वर्षं झाली, मी गप्प. त्या दिवशी मेमरी कार्ड मात्र मी काढून घेतलं होतं. पालोलेम, बंगळूर, सगळीकडे ते माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं. ते याच कागदात गुंडाळून पाठवतोय. काय शिव्या द्यायच्या त्या मला दे, मी इथेच आहे. दिवाळीपर्यंत तरी.

आता फोन का नाही ते. चाचांनी माझ्याकडून वचन घेतलंय, फैझानला यातलं काही फोनवर सांगायचं नाही, मेसेज करायचा नाही. पत्राचं ते काही बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात मी त्यांना प्लेस्टेशनवर स्वतःचं खातं उघडून दिलं. नाव काय टाकू विचारलं तर म्हणाले, रोजचा. मी मान वर केली नाही, तसंच टाइप केलं. त्या नावाने तुला रिक्वेस्ट आली आणि कोण अनोळखी म्हणून तू दोनदा काढून टाकलीस. आज असरनंतर त्यांनी तिसऱ्यांदा पाठवलीय. ती घे. रेस लाव, पहिल्या वळणावर हळू हो, मागून पांढरी गाडी येईल, उजव्या कडेने. तिला मुद्दाम पुढे जाऊ देऊ नकोस, त्यांना कळेल. नुसता बरोबरीने चल. आणि कानाला हेडफोन लाव, माइक चालू ठेव. गाडी चालवताना चाचा खूप बोलतात.

तू ठेवलास तर तुझाच,
यग्या