उलटं चालण्याचा कागद

मु. पो. पिंपळवंडी, ता. जुन्नर

श्रीयुत ज्ञानेश्वरभाऊ यांस,

सोमाजीचा साष्टांग नमस्कार. तळेघरच्या गारठ्यात तुमचा दमा कसा आहे? वहिनींनाही नमस्कार सांगा. तुमची बहीण भागू जाऊन आता पाच वर्षं होतील. तिच्या माघारीही तुम्ही मला पाव्हण्याचा मान देता, म्हणून माझी एक फजिती मोकळेपणानं लिहितो. (वहिनींना वाचून दाखवू नका. त्या हसल्या की पिंपळवंडीपर्यंत ऐकू येतं.)

माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरनं रोज अर्धा तास उलटं चालायला सांगितलं. तिसऱ्याच दिवशी मी पाठमोरा जात जात थेट कन्हैयालाल शेटजींच्या दुकानापुढल्या बाजेवर बसलो. बाजेवर शेटाणी उगमबाईंचे मुगाचे पापड वाळत होते. पापडांचं शेटजींनी मनावर घेतलं नाही, पण मिशीत हसत म्हणाले, "सोमाजीअण्णा, हे असलं चालणं कायद्यात बसतं का?"

ते गंमत करून दुकानात गेले. माझी झोप मात्र उडाली. एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो, नोंदीशिवाय एक गाडी स्टँडाबाहेर सोडली नाही. आणि आता मी स्वतःच बिनपरवाना रिव्हर्समध्ये!

पोलीस चौकीत गेलो. तिथली हवालदारीण म्हणाली, "काका, उलटं चालायला बंदी न्हाई."

म्हटलं, "मग परवानगी आहे, असं लिहून द्या."

"जे बंद न्हाई त्याला परवानगी कशाला? सकाळी चहा पिलात, त्याचा कागद हाय का?"

नव्हता, भाऊ. दोन दिवस मला चहा गिळवेना.

शेवटी तहसील कचेरीत अर्ज दिला. त्यात उलटं चालणे, म्हशीशी बोलणे, आंघोळ करताना गाणे, घरात एकटे असताना दोन कप चहा करणे अशी माझी रोजची अकरा कामं लिहिली. कारकुनानं अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. महिन्यानं उत्तर आलं : 'सदर बाबींस मनाई करणारी तरतूद या कार्यालयास आढळून येत नाही.' ते मी लॅमिनेट करून खिशात ठेवलं. आजतागायत कुणी मागितलेलं नाही. (एकदा म्हशीला दाखवलं. तिनं कोपरा चावला.)

कागद आला तरी पाठीला डोळे काही फुटले नाहीत. तेव्हा अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या ठकूबाई मदतीला आल्या. त्याही माझ्यासारख्याच एकट्या. मालक बारा वर्षांपूर्वी गेले, मुलगा पुण्याला. मी उलटा चालतो, त्या समोरून सरळ येतात आणि "थांबा, खड्डा हाय. डावीकडं घ्या, शेण" असं सांगत मला कॅनॉलपर्यंत नेतात. म्हणजे रोज अर्धा तास समोरासमोर. रस्ता मला दिसत नाही, ठकूबाई दिसतात.

बाकी सर्व क्षेम. दम्याचं औषध चुकवू नका.

आपला,
सोमाजी

ता. क. गुडघे महिन्यापूर्वीच बरे झाले. चालणं उलटंच चालू आहे.

आणखी ता. क. मुद्द्याचं आता लिहितो. मी आणि ठकूबाईंनी लग्न नोंदवायचं ठरवलंय. सहासष्टाव्या वर्षी लग्नाला बंदी नाही. (चौकीत विचारून आलो. मला पाहताच हवालदारीण मागच्या दारानं गेली, मग उत्तर साहेबांनी दिलं.) मेहुण्याला विचारा, असंही कुठल्या कलमात नाही. पण ठकूबाई म्हणाल्या, "कायद्याचं ऱ्हाऊ द्या. आधी भागूच्या भावाला इचारा. त्यांच्या जिवाला लागत आसंल, तर मी न्हाई यायची."

साक्षीदार तीन लागतात. शेटजी आणि उगमबाई यायला तयार आहेत. तिसरी सही तुमची व्हावी असं वाटतं. तुमचं मन होत नसेल तर तसं कळवा; मी तिथं दुसऱ्या कुणाचं नाव घालणार नाही.