नाना, तुमची गाडी आम्ही विकली

नाना, तुमची गाडी आम्ही विकली. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आता हे, तुमचे जावईबापूही गेले, तेव्हा सांगायला मी एकटीच उरले आहे.

अजून डोळ्यांपुढे आहे, धुळ्याच्या गॅरेजमध्ये तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्यांवर सुटे भाग ओळीनं मांडता आहात आणि मी जेवणाचा डबा घेऊन उभी आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण त्या तेलकट कागदांवरून मी वाचत राहिले. एकदा बातमीचा शेवट वाचायला मी एक भाग उचलला, तर तुम्ही म्हणालात, "कागद वाच, पण माझी ओळ मोडू नको." ती गोल पाठीची विलायती गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. तुमच्या कामाच्या बदल्यात त्यांनी ती देऊन टाकली. तुम्ही ती पूर्ण खोललीत आणि अंथरूण धरलंत. आम्ही जळगावहून भेटायला आलो तेव्हा यांचा हात धरून म्हणालात, "हिनामा बठ्ठं शे, सगळं आहे हिच्यात, फक्त जीव नही. तो तुम्ही टाका, जावईबापू." हे गिरणीत फिटर. मान हलवून हो म्हणाले, आणि ट्रकवर चढून गाडी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली.

मग गिरणी बंद पडली. सुरुवातीला हे रोज गेटवर जाऊन बसत. पुढे तेही सोडलं. सकाळी तेच खाकी कपडे घालायचे, डबा मागायचे आणि शेडमध्ये जायचे. मी डाळ मिलमध्ये निवडायला जात होते, त्यावर चूल पेटायची. यांनी सायकल विकली आणि त्या पैशांत गाडीचं सामान आणलं. घरात दाणा नाही म्हटलं, तर म्हणाले, "ती सुरू झाली की सगळं सुरू होईल." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. अगदी शांतपणे म्हणाले.

एका दुपारी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. इंजिन खाली मातीत, आणि हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत बसलेले. चहा घ्या म्हटलं. म्हणाले, "थांब, फाटक लागलंय." रेल्वेचं फाटक, आमच्या शेडमध्ये. गंमत करत होते की काय, मला कळलं नाही. पण मी घाबरले, नाना. घरात ही गाडी राहील किंवा हे राहतील, एवढंच मला दिसलं.

अर्धवट गाडी घेतो कोण? नशिराबादचा एक भंगारवाला तेवढा तयार झाला. यांना सांगितलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तो आला त्या दिवशी मात्र उठले आणि म्हणाले, आपल्याकडे बैल विकला तरी दावं घरी ठेवतात, मी गाडी फिरवून सुरू करायचं लोखंडी हँडल ठेवणार. भंगारवालाही शेतकऱ्याच्या घरचा, त्याला ते पटलं. मग यांनी हॉर्न काढून बाजूला ठेवला. मग एक दिवा. मग आरसा, मग दरवाजाची कडी. तो बराच वेळ बिडी ओढत बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, दावं ठेवतात. बैलाचे पाय नाही ठेवत."

हे खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी एकेक वस्तू उचलून टोपल्यात भरली, हँडलसुद्धा, आणि टोपलं त्याच्या पुढ्यात ठेवलं. तो म्हणाला, "अक्का, हँडल राहू द्या." मी नको म्हटलं. ते घरात राहिलं असतं तर हे त्याच्याशीही बोलत बसले असते.

टेम्पो गल्लीत शिरेना. गाडी रस्त्यापर्यंत ढकलत न्यायची होती आणि स्टिअरिंग धरायला कुणीतरी आत हवं होतं. भंगारवाल्यानं यांच्याकडे पाहिलं. हे डोळे पुसून आत बसले. तो आणि मी मागून ढकलू लागलो. गाडी हलली, नाना. शेजारणी दारात आल्या, एकीनं विचारलंही, कुठं निघाले भाऊ? गल्लीच्या वळणावर, पुढं साधी शेळीसुद्धा नसताना, यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळत असल्याची खूण केली.

गाडी गेल्यावर पुष्कळ दिवसांनी हे असोद्याला केळीच्या मळ्यांतले पंप दुरुस्त करायला जाऊ लागले. आणखी बरीच वर्षं जगले. गाडीचं नाव मात्र आमच्यात पुन्हा निघालं नाही, म्हणून त्या वळणावरची एक गोष्ट त्यांनाही कधी सांगितली नाही. तुम्हाला लिहिते आहे, तेही कुठं पोचणार नाही हे ठाऊक आहे म्हणूनच.

त्या वळणावर मी ढकलायची थांबले. गाडी तिथंच उभी राहिली, यांचा हात तसाच बाहेर. भंगारवाला म्हणाला, दमल्या असाल अक्का, घ्या जरा दम. मी हो म्हटलं आणि गाडीच्या पाठीला टेकून उभी राहिले.

मी दमले नव्हते.